घरगुती चॉकलेटमागचा पाटा

नाताळच्या आदल्या रात्री चॉकलेट वितळवून साच्यात ओतले, की भेट तयार! मेक्सिकोत मात्र हेच काम स्त्रिया गुडघे टेकून करीत. भाजलेला कोको तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटायचा, पाट्याखाली निखारे. उबेने स्निग्धांश सुटून वाटण पातळ होई. एवढ्या कष्टांतून बने ते पेय, खाण्याची वडी नव्हे!

१८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटन यांच्या दाबयंत्राला पेटंट मिळाले आणि कोको बटर वेगळे काढता येऊ लागले. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कारखान्याने तेच बटर कोको व साखरेत मिसळून वडी पाडली. आजच्या ‘घरगुती’ चॉकलेटचे वाटण अशा कारखान्यांतच उरकलेले असते. तोंडात विरघळणारा मऊपणाही तिथलाच: १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटून तो आणला.