बीपीची गोळी आणि डोळ्याचा पडदा

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मला शुगर आहे, तिची गोळी चालू आहे. बीपी आता बरोबर आलंय, मग बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना?" त्यावर दोघी-तिघी हळूच म्हणाल्या, आम्ही तर कधीच बंद केली. तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो, पण त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या, पायाच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या. ठिबकची नळी आठवा. नळी जुनी झालेली आणि त्यात मोटारीचा दाब जास्त, मग ती कुठेतरी झिरपणारच. डोळ्याच्या पडद्यात तसंच रक्त झिरपतं, आणि बराच काळ दुखतही नाही की खुपतही नाही.

पण हे दाबाचं कोडं डॉक्टरांना उशिरा उलगडलं. वय वाढलं की शरीराला गरज असते म्हणून दाब वाढतो, असं एके काळी जाणते डॉक्टरही मानत. शुगरच्या माणसाचा दाब कमी केला तर त्याचे डोळे वाचतात का, याचा भक्कम पुरावा हवा होता.

१९७७ साली ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर या डॉक्टरांच्या पुढाकाराने एक मोठा अभ्यास सुरू झाला. नुकतीच शुगर निघालेले ५१०२ लोक, २३ दवाखाने. मूळ प्रश्न साखरेचाच होता. पण तपासताना दिसलं की नव्याने शुगर निघालेल्या दहा माणसांतल्या जवळपास चौघांना बीपीही आहे. म्हणून १९८७ पासून बीपी असलेल्या ११४८ जणांचा वेगळा अभ्यास त्यातच जोडला. ७५८ जणांचा दाब १५०/८५ च्या खाली ठेवायचा, उरलेल्या ३९० जणांचा १८०/१०५ च्या खाली.

आज हे वाचताना त्या ३९० जणांचं वाईट वाटतं. १८० पर्यंत चालवून घ्यायचं? पण किती कमी करणं चांगलं, हेच तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं.

औषधं दोन होती, कॅप्टोप्रिल आणि अटेनोलॉल. कॅप्टोप्रिलची गंमत अशी की ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाचा अभ्यास करताना त्या औषधाची वाट सापडली! दोन्ही औषधं सारखीच उपयोगी ठरली. मात्र एका गोळीवर सगळ्यांचं भागलं नाही. नऊ वर्षांनी, दाब कडक ठेवलेल्या गटात शंभरातल्या २९ जणांना तीन किंवा जास्त औषधं लागत होती. तेव्हा डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली तर आपलंच काही चुकलं असं समजू नका.

निकाल १९९८ साली आला. दोन्ही गटांच्या सरासरी दाबात फरक किती होता? एकाचा १४४/८२, दुसऱ्याचा १५४/८७. वरच्या आकड्यात फक्त दहाचा. तरी बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास ३७ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ढिल्या गटात जिथे शंभर जणांना त्रास होई, तिथे कडक गटात ६३ जणांना. यातला मोठा वाटा डोळ्यांचा. कमी लोकांना पडद्यावर लेसर करून घ्यावं लागलं. लकवाही ४४ टक्क्यांनी कमी झाला. शुगरवाल्या माणसाने बीपीकडे बघायचं ते का, हे त्या वर्षी जगाला कळलं.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. अभ्यास संपल्यावरही डॉक्टरांनी त्याच लोकांवर दहा वर्षं नजर ठेवली. आता कुणाला गटात बांधलेलं नव्हतं, ज्याचे त्याचे उपचार चालू होते. दोन वर्षांतच दोन्ही गटांचे दाब सारखे झाले. २००८ साली जे छापून आलं ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी सुरुवातीला साखर चांगली सांभाळली होती, त्यांना पुढे फरक मिटल्यावरही फायदा मिळत राहिला. बीपीचं तसं झालं नाही. दाबातला फरक गेला, तसा फायदाही ओसरला. साखरेची जुनी मेहनत शरीर काही काळ लक्षात ठेवतं, दाबाची ठेवत नाही.

म्हणून ताई, बीपी बरोबर आलंय ते गोळी चालू आहे म्हणून. चक्कर येत असेल, खोकला लागला असेल, खर्च झेपत नसेल, तर तसं डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलतील, कमी करतील. मनाने बंद करू नका. आज दाब १५० पेक्षाही बराच खाली ठेवायला सांगतात. आपला आकडा किती असावा ते डॉक्टरांनाच विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या, दिसायला छान दिसत असलं तरी.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बीपीचं मशीन घेऊन बोलावलंय. आल्या आल्या पट्टा बांधायची घाई नको, पाच मिनिटं भिंतीला टेकून गप्प बसायचं. आपल्या गटात तेच सगळ्यात अवघड जाणार आहे.