जस्त आणि रोगप्रतिकारक्षमता
जस्त : रोगप्रतिकारक पेशींची वाढ व कार्य यांसाठी अत्यावश्यक असलेले सूक्ष्म पोषकद्रव्य (पहा : रोगप्रतिकारक्षमता).

माणसाला जस्त कमी पडू शकते, हे 1960 पर्यंत कोणी फारसे मानत नसे. इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले तरुण रुग्ण पाहून डॉक्टर आनंद प्रसाद यांनी 1961 मध्ये ही शक्यता मांडली. इजिप्तमधील संशोधनाने तिला पुष्टी मिळाली. या रुग्णांचा आहार मुख्यतः बिनखमिराच्या रोटीचा होता. धान्यातील फायटेट हे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते व नीट शोषू देत नाही. मोड आणल्याने किंवा आंबवल्याने फायटेट घटते.

प्रौढ शरीरात जस्त सुमारे 2 ते 3 ग्रॅम असते, पण अडीअडचणीला वापरता येईल असा राखीव साठा नसतो. यौवनलोपी ग्रंथीचे (थायमस) थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताविना निष्क्रिय राहते. तीव्र कमतरतेत ही ग्रंथीच आक्रसते, टी-पेशी घटतात. ॲक्रोडर्माटायटिस एंटेरोपॅथिका या आनुवंशिक विकारात आतड्यातून जस्त पुरेसे शोषले जात नाही. त्यातील चट्टे, अतिसार व वारंवारचे संसर्ग जस्त दिल्यावर ओसरतात.

बालकांच्या अतिसारात जलसंजीवनीबरोबर 10 ते 14 दिवस रोज 20 मिग्रॅ. (सहा महिन्यांखाली 10 मिग्रॅ.) जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी 2004 मध्ये केली (पहा : अतिसार). दीर्घकाळ जादा मात्रा घेतल्यास तांब्याचे शोषण अडते आणि प्रतिकारशक्तीही मंदावते.