एक फळी, दोन बूट आणि शंभर वर्षं

पाण्यावर उभं राहून घसरायचं वेड तसं फार जुनं नाही. मिनेसोटात ऑनसाइट जाऊन आलेल्यांपैकी काहींनी लेक पेपिन पाहिलंही असेल. मिसिसिपी नदी एका ठिकाणी ऐसपैस पसरून जे तळं बनवते, ते. त्याच्या काठी लेक सिटी नावाचं गाव आहे आणि १९२२ साली तिथे राल्फ सॅम्युएल्सन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा राहायचा. बर्फावर घसरता येतं, मग पाण्यावर का नाही? एवढाच त्याचा प्रश्न.

आधी त्याने लाकडी पिंपाच्या पट्ट्या पायाला बांधल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. परत बुडाला. शेवटी ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद अशा दोन फळ्या घेतल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोकं उकळून मऊ केली आणि वर वळवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे, ओढायला खिडकीच्या तावदानाची दोरी, हातात धरायला लोहाराने करून दिलेली कडी. बोट चालवायला भाऊ. २ जुलैला, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याला मर्म सापडलं: टोकं पाण्याच्या वर ठेवायची आणि अंग मागे झुकवायचं. की निघालीच स्वारी!

पठ्ठ्याने पेटंट मात्र घेतलं नाही. ते १९२५ साली न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरने घेतलं. (हाच वॉलर पुढे सिनेरामाचा जनक म्हणून गाजला.) सॅम्युएल्सनचं नाव विस्मरणातच गेलं होतं. १९६० च्या दशकात त्याच्या जुन्या फळ्यांकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं आणि १९६६ साली अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्याला या खेळाचा जनक मानलं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. असो.

मला जास्त रस आहे तो त्या चामड्याच्या पट्ट्यांत. कारण आज नवी स्लालम स्की आणि बूट घ्यायला निघालेला माणूस जो प्रश्न सोडवत असतो, तो मुळात त्या पट्ट्यांचाच आहे: पाय फळीला किती घट्ट बांधायचा?

स्लालम हा शब्द नॉर्वेजियन. तिकडे तो बर्फाच्या उतारावरच्या वाटेसाठी होता. पाण्यावरच्या स्लालममध्ये बोट सरळ रेषेत जाते आणि मागचा खेळाडू एकाच स्कीवर उभा राहून डावीकडे-उजवीकडे सहा बोयांना वळसे घालतो. ट्रॅक २५९ मीटरचा. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. म्हणजे सगळा मामला १६ सेकंदांचा! सहाही बोये घेतले की पुढच्या फेरीत दोरी कापतात. सुरुवात १८.२५ मीटरपासून, मग १६, मग १४.२५ असं करत करत खाली.

आता जरा गणित करा. बोये मधल्या रेषेपासून ११.५ मीटर लांब असतात. दोरी ११.२५ मीटर झाली, की ती बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर खेळाडूने स्वतःच्या शरीराने भरून काढायचं. स्की बोयाच्या बाहेरून आणि माणूस जवळपास पाण्यावर आडवा. २०१३ साली अमेरिकेच्या नेट स्मिथने ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोयांचा विक्रम केला. दोरी अगदी काटकोनात ताणली तरी पावणेदोन मीटर कमीच पडते. तेवढी भर हातांनी आणि कलत्या अंगाने घातली.

दोरी आखूड होत गेली तशी फळी बदलत गेली. सपाट, जाड लाकूड गेलं, फायबरग्लास आलं, मग फोमच्या गाभ्यावर कार्बन फायबर. शेपटी निमुळती झाली, म्हणजे वळताना ती पाण्यात रुतते. तळ खोलगट झाला, म्हणजे कडेवर कललं तरी पाण्याची पकड सुटत नाही. शेपटीखाली अ‍ॅल्युमिनियमची फिन आली. ती इंचाच्या हजाराव्या भागाने पुढेमागे सरकवणारे महाभाग आहेत. हसू नका, आपण एका कॉन्फिग फाइलवर दोन-दोन दिवस घालवतोच की.

आणि बूट? चामड्याच्या पट्ट्यांनंतर रबर आलं. ते इतकं घट्ट, की आत पाय घालायला साबणाचं पाणी लागतं. पुढच्या पायाला पूर्ण बूट आणि मागच्याला नुसता पट्टा ही एक पद्धत, दोन्ही पायांना पूर्ण बूट ही दुसरी. नंतर बर्फावरच्यासारखे कडक कवचाचे बूट आले. पाय जितका घट्ट, तितका घोट्याचा प्रत्येक इशारा थेट फळीला पोचतो.

पण घट्टपणाची किंमत पडताना कळते. या वेगात पडल्यावर फळी एकीकडे फिरते आणि माणूस दुसरीकडे. दोन्ही पाय सुटले तर ठीक. दोन्ही अडकून राहिले तरी एक वेळ निभावतं. खरा धोका एक सुटून दुसरा अडकण्यात आहे. तेव्हा फळीचा सगळा पीळ एका घोट्यावर येतो. टाचेची शीर तुटणं, घोटा मोडणं ही या खेळातली ओळखीची दुखणी त्यातूनच येतात. म्हणून काही कंपन्यांनी दोन्ही बूट एकाच प्लेटवर बसवले आणि ती प्लेट वेल्क्रोच्या भावंडासारख्या पकडपट्टीने स्कीला जोडली. ठरावीक जोर आला की प्लेटच उखडते, दोन्ही पाय एकदम मोकळे. काहींनी प्रत्येक बूट वेगळा सुटेल अशी यंत्रणा केली. वादविवाद आजही चालू आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी परदेशी एखाद्या तळ्याकाठी राहत असेल आणि खिसा गरम असेल (वरच्या दर्जाची नुसती कार्बन स्की दोन हजार डॉलरच्याही वर जाते), तर चॅम्पियनची स्की बघून भुलू नका. ती ५८ च्या वेगासाठी आणि आखूड दोरीसाठी घडवलेली असते. कमी वेगाला अरुंद फळी बुडायला बघते. स्कीची लांबी उंचीवर नाही, वजनावर आणि बोटीच्या वेगावर ठरते. जड माणूस किंवा कमी वेग असेल, तर लांब किंवा रुंद फळी. शिकणाऱ्याने थोडी रुंद घेतलेली बरी. दोन वर्षं जुनं मॉडेल मिळालं तर उत्तमच.

बुटात मात्र काटकसर नको. बूट पायाला नीट बसतो का, हे दुकानात कळतंच. दुकानदाराला विचारायचं ते वेगळंच: हा बूट सुटतो कसा, किती जोराला सुटतो, आणि दोन्ही पाय एकदम सुटतात का? सॅम्युएल्सनच्या पट्ट्यांतून पाय आपोआप निसटायचा, त्यामुळे त्याला हे विचारावंच लागलं नाही. पकड जसजशी सुधारत गेली, तसतशी सुटकेची सोय मुद्दाम डिझाइन करावी लागली.