शेवटी येईल त्याचं खरं : सीएसएसच्या क्रमाचा इतिहास

मागच्या वर्षी माझ्या यूजर स्टडीतल्या काही जणांचा डेटा मला टाकून द्यावा लागला. गाईड मॅडमनी कारण विचारलं, तेव्हा सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण होतं एका पट्टीचा रंग.

स्टडीसाठी मी एक छोटं वेब अ‍ॅप बनवलं होतं. त्यात दोन पानं होती, 'माहिती' आणि 'तुलना'. माहितीच्या पानावर इशाऱ्याची एक लाल पट्टी होती आणि ती सहभागींच्या लक्षात येते का, हेच मला मोजायचं होतं. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालायचं. सर्व्हरवर चढवल्यावरही पान पहिल्यांदा उघडलं की पट्टी लालच दिसायची. पण जो तुलनेच्या पानावर जाऊन परत यायचा, त्याला तीच पट्टी राखाडी दिसायची. हे लक्षात आलं तेव्हा निम्मी स्टडी उरकली होती. काहींनी लाल पट्टी पाहिली, काहींनी राखाडी, आणि मी दोघांना एकच प्रश्न विचारत होते.

हे का झालं, ते शोधताना मी थेट १९९४ पर्यंत मागे गेले. त्या शोधात जे सापडलं ते इथे मांडते. तुमचा विषय वेब नसला तरी वाचा, कारण शेवटी मुद्दा इतिहास कसा वाचायचा याचा आहे.

वाटाघाटीची कल्पना

१० ऑक्टोबर १९९४ रोजी होकुन व्हियुम ली यांनी वेबसाठी स्टाइलशीटचा पहिला प्रस्ताव प्रसिद्ध केला. तेव्हा ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत होते. पुढे बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली.

सीएसएस म्हणजे काय, तर पान कसं दिसावं याचे नियम. मजकूर एकीकडे, दिसणं दुसरीकडे. पण लींची खरी कल्पना नावातल्या पहिल्या शब्दात आहे, 'कॅस्केडिंग'. धबधब्याचं पाणी जसं एका टप्प्यावरून दुसऱ्यावर पडतं, तसे वेगवेगळ्यांचे नियम एकावर एक येऊन पडणार. लेखकाला अक्षर लहान हवं, वाचकाला मोठं, मग ऐकायचं कुणाचं? मूळ प्रस्तावात तर प्रत्येक नियमाला टक्क्यांत वजन देता येईल, अशी सोय सुचवली होती. पुढे ती गळाली आणि पायऱ्यांची पद्धत आली. नियम कुणाचा आहे, किती महत्त्वाचा आहे, किती नेमका आहे, हे क्रमाने बघायचं. एवढं करूनही बरोबरी झाली तर? तर जो नंतर लिहिला असेल तो जिंकेल.

ही शेवटची पायरी लक्षात ठेवा. १९९६ मध्ये ती अगदी निरुपद्रवी होती. एक पान, एक-दोन फाइली, लिहिणारा बहुधा एकच माणूस. 'नंतर' म्हणजे फाइलीत खाली, बस्स.

नावांचं भांडण

पुढच्या दहा-बारा वर्षांत साइटी मोठ्या झाल्या आणि एका स्टाइलशीटवर अनेक हात फिरू लागले. सीएसएसमधलं प्रत्येक नाव साऱ्या पानाला लागू होतं. तुम्ही 'शीर्षक' नावाचा क्लास केला आणि शेजारच्यानेही केला, की दोघांचे नियम एकमेकांत मिसळलेच. यावर लोकांनी आधी शिस्तीचा उपाय केला. निकोल सुलिव्हन यांनी ऑब्जेक्ट ओरिएंटेड सीएसएस मांडलं. रशियातल्या यांडेक्स कंपनीतून बीईएम ही नावं देण्याची पद्धत आली. २०११ मध्ये जोनाथन स्नूक यांनी स्मॅक्स हे पुस्तक लिहिलं. तपशील वेगवेगळे, पण सूत्र एकच. नावं अशी ठेवा की धडक होणार नाही. थोडक्यात, यंत्राचं काम माणसाच्या शिस्तीवर ढकललं होतं. सॅस (२००६) आणि लेस (२००९) यांनी लिहिणं सोपं केलं, पण बाहेर पडणारं सीएसएस तसंच सगळ्यांचं सामाईक राहिलं.

कंपोनंट आले

मे २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुलं केलं आणि पानाकडे बघण्याची नजर बदलली. पान म्हणजे एक कागद नाही, तर बटण, पट्टी, यादी अशा कंपोनंटची जुळणी. प्रत्येक तुकडा स्वतंत्र, कुठेही नेऊन बसवा. पण त्याचं दिसणं मात्र अजून त्या सामाईक पत्रकात अडकलेलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकचे अभियंते क्रिस्टोफर शदो यांनी एक भाषण दिलं. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत वाचनीय प्राथमिक स्रोत आहे. मोठ्या प्रमाणावर सीएसएस वापरताना येणाऱ्या सात अडचणींची यादी त्यांनी मांडली. सगळ्यांची नावं एकाच जागेत असणं. कुठल्या तुकड्याला कोणतं सीएसएस लागतं हे न कळणं. मेलेले नियम काढून टाकता न येणं. क्लासची नावं आखूड करता न येणं. रंग-मापांसारखी मूल्यं जावास्क्रिप्टबरोबर वाटून घेता न येणं. सहावी, निकाल क्रमावर अवलंबून असणं. आणि सातवी, बाहेरच्याने आत हात घालणं.

त्यांचा उपाय होता, स्टाइल जावास्क्रिप्टमध्येच लिहा. गदारोळ झाला तो उपायावरून. बाजूने-विरुद्ध भरपूर लिहिलं गेलं. यादी मात्र मागे पडली.

नावं सुटली, क्रम राहिला

२०१५ मध्ये सीएसएस मॉड्यूल्स आले. त्यामागे ग्लेन मॅडर्न, मार्क डॅल्ग्लिश आणि वेबपॅकचे टोबियास कॉपर्स ही मंडळी होती. कल्पना साधी होती. तुम्ही 'शीर्षक' लिहा, बिल्ड करताना यंत्र त्याला जगात दुसरं नसेल असं नाव देईल. बीईएमची शिस्त आता यंत्राकडे गेली. व्ह्यू आणि अँग्युलर यांनीही तुकड्यातल्या घटकांवर खुणेचं अ‍ॅट्रिब्यूट चिकटवून जवळपास तेच साधलं.

नेहमीच्या सांगण्यात इतिहास इथे सुखान्त होतो. माझी पट्टी मात्र नेमकी इथेच बिघडली. कारण मी सीएसएस मॉड्यूल्सच वापरत होते! नावांची धडक कुठेच नव्हती.

झालं असं. पट्टी हा सामाईक कंपोनंट. त्याचा मूळ रंग राखाडी. माहितीच्या पानावर मी त्याला आणखी एक क्लास देऊन लाल केलं. दोन्ही नियम सारखेच नेमके, म्हणजे बरोबरी, म्हणजे नंतर येईल तो जिंकणार. आता अंतिम बिल्ड करताना यंत्र प्रत्येक पानासाठी सीएसएसची वेगळी फाइल बनवतं आणि पान उघडेल तेव्हाच ती मागवतं. पट्टी दोन्ही पानांवर असल्याने तिचे नियम दोन्ही फाइलींत उतरले. माहितीचं पान उघडलं तेव्हा क्रम होता राखाडी, लाल. पट्टी लाल. तुलनेचं पान उघडलं, दुसरी फाइल मागाहून येऊन जोडली गेली, तिच्यात पुन्हा राखाडी. परत आल्यावर क्रम झाला राखाडी, लाल, राखाडी. आलेली फाइल कुणी काढत नाही. पट्टी राखाडी.

मग लॅपटॉपवर का दिसलं नाही? तिथे डेव्हलपमेंट मोडमध्ये प्रत्येक कंपोनंटचं सीएसएस एकदाच, पहिल्यांदा लागतं तेव्हा पानात टाकलं जातं. राखाडी दुसऱ्यांदा येण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे १९९६ मधला 'नंतर' हा शब्द तोच राहिला, पण अर्थ पालटला. आधी तो फाइलीतली जागा सांगायचा. आता तो वापरणारा कुठून कुठे फिरला, हे सांगू लागला. शदोंच्या यादीतली सहावी अडचण हीच होती. मी ती वाचली होती, पण 'जुनी गोष्ट, सुटली असेल' म्हणून पुढे गेले होते.

क्रम कुणी ठरवायचा?

२०१६ मध्ये मॅडर्न आणि मॅक्स स्टॉयबर यांनी स्टाइल्ड कंपोनंट्स आणलं. अशा लायब्ररी ब्राउझरमध्ये अ‍ॅप चालू असतानाच सीएसएस तयार करतात आणि कोणता नियम मागे-पुढे जायचा तेही सांभाळतात. पण त्याचं मोल असतं. प्रत्येक वेळी हे काम वापरणाऱ्याच्या यंत्राला करावं लागतं. २०२२ मध्ये इमोशन या याच जातीच्या लायब्ररीच्या देखभालकर्त्यांपैकी एक असलेल्या सॅम मगुरा यांनी आपली टीम यापासून दूर का चालली आहे, हे सविस्तर लिहिलं.

दुसरी वाट फेसबुकने घेतली. २०२० मध्ये नव्याने बांधलेल्या साइटबद्दल त्यांनी दिलेले आकडे बघा. जुन्या मुख्य पानावर ४०० केबीहून जास्त संकुचित सीएसएस उतरत होतं, आणि पहिल्या दर्शनाला त्यातलं फक्त १० टक्के लागत होतं. नव्या पद्धतीत मुख्य पानाचं सीएसएस ८० टक्क्यांनी घटलं. युक्ती अशी की बिल्डच्या वेळीच प्रत्येक नियमाचे अणू करायचे. 'रंग लाल' हा एक अणू, साऱ्या साइटभर एकदाच लिहिलेला. दोन रंग भांडू लागले तर निकाल फाइलीच्या क्रमावर नाही, कंपोनंटच्या कोडमध्ये शेवटी कोणता लावला त्यावर. ही पद्धत डिसेंबर २०२३ मध्ये स्टाइलएक्स नावाने खुली झाली.

तिसरं उत्तर सीएसएसच्याच आतून आलं. २०२२ च्या सुरुवातीला प्रमुख ब्राउझरांत कॅस्केड लेयर्सची सोय झाली. थरांचा क्रम सुरुवातीलाच जाहीर करायचा, आधी मूळ, मग पान. त्यानंतर फाइल कधीही येवो, तिच्यातले नियम आपापल्या थरातच बसतात. माझी पट्टी शेवटी यानेच दुरुस्त झाली. पट्टीचे नियम खालच्या थरात, पानाचे वरच्या. काही ओळींचं काम! डेटा मात्र परत आला नाही.

संशोधनाला बसताना

हा इतिहास सहसा 'सामाईक नावांकडून स्वतंत्र नावांकडे' असा सांगितला जातो. तो खोटा नाही, अर्धा आहे. एकाच यादीतली पहिली अडचण वर्षभरात सुटली, सहावीला सहा-सात वर्षं लागली. पहिली डोळ्यांना दिसते, सहावी ठरावीक वाटेने फिरल्यावरच दिसते. म्हणूनच तिच्याकडे लक्ष कमी गेलं.

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यू करताना उपायांची जंत्री करू नका. मूळ अडचणींची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक उपायापुढे लिहा की याने यातलं काय सोडवलं नाही. तो रिकामा रकाना म्हणजे तुमचा प्रश्न असू शकतो. आणि प्रयोगासाठी अ‍ॅप बनवत असाल, तर सहभागींना जे देणार आहात तेच अंतिम बिल्ड तपासा, आणि तेही उलटसुलट वाटांनी फिरून.

जाता जाता एक. ली यांनी २००५ मध्ये ऑस्लो विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध सादर केला. विषय होता कॅस्केडिंग स्टाइलशीट्स. प्रस्तावानंतर अकरा वर्षांनी त्याच माणसाने इतर प्रस्तावांशी आपल्या कामाची तुलना करायला बसावं, हे मला फार आश्वासक वाटतं. आपण बनवलेली वस्तू आपल्याला पूर्ण कळलेली असतेच असं नाही. माझी तर नव्हतीच.