अँड्रोमेडा आणि वामन

विज्ञानकथेत माणसे भेटत नाहीत, कल्पनाच भेटतात, हा आक्षेप मराठी समीक्षेत इतक्या सहजपणे घेतला जातो की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. तपासायचा तर १९६१ सालच्या केंब्रिजपर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी कोल्हापूरचे जयंत नारळीकर हे फ्रेड हॉयल यांचे संशोधक विद्यार्थी होते. मार्टिन राईल यांच्या रेडिओस्रोतांच्या गणनेने हॉयलप्रणीत स्थिर-स्थिती सिद्धांताला आव्हान दिले होते आणि गुरुशिष्य मिळून त्याचे उत्तर मांडत होते. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका झळकली. लेखक दोन : हॉयल आणि जॉन एलियट. कल्पना खगोलशास्त्रज्ञाची, नाट्य दूरचित्रवाणीच्या माणसाचे.

अवकाशातून संदेश येतो. त्यात एका संगणकाचा आराखडा असतो. तो संगणक पुढे सजीव घडवू लागतो. जॉन फ्लेमिंग (पीटर हॅलिडे) हा बंडखोर शास्त्रज्ञ धोका ओळखतो. जीवशास्त्रज्ञ मॅडेलिन डॉने (मेरी मॉरिस) प्रयोगाच्या मोहात पडते. पण लक्षात राहते ती ज्युली ख्रिस्ती. आसामातील चाबुआ येथे जन्मलेली ही तरुणी तेव्हा जवळजवळ अपरिचित होती. प्रयोगशाळेतील क्रिस्टीन यंत्रामुळे मरते आणि तिच्याच रूपात यंत्र अँड्रोमेडा घडवते. अभिनेत्री एक, पात्रे दोन : चेहरा ओळखीचा, आत मात्र भलतेच कुणी. शब्दांत ज्यासाठी पानेच्या पाने लागतील, ते एका चेहऱ्याने साधले.

नारळीकरांच्या हाती असा चेहरा नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्रच सुरू झाले ते १९७२ साली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने; हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. (मराठी विज्ञानकथेतले एक यशस्वी पात्र म्हणजे हे जगतापच, असे गमतीने म्हणता येईल!)

‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीत गुरूच्या कथेचा सांगाडा जाणवतो : अज्ञाताकडून आलेले ज्ञान, त्यातून घडलेले यंत्र, यंत्राचा धोका. हे अनुकरण आहे असे मला म्हणायचे नाही, कारण फरक मोलाचा आहे. हॉयल यांचा संदेश आकाशातून येतो. नारळीकरांचा जमिनीखालून, लोप पावलेल्या प्राचीन संस्कृतीकडून. तिथे परका, इथे पूर्वज. शिवाय त्या यंत्रमानवाचे नाव वामन! वळसंगच्या कीर्तनात बसलेल्या श्रोत्यालाही हे नाव पुरते. तीन पावले मागणारा बटू पुढे काय करतो, हे त्याला सांगावे लागत नाही. ख्रिस्तीच्या चेहऱ्याने जे केले ते इथे एका पौराणिक नावाने केले आहे. इंग्रजीत ही कादंबरी ‘द रिटर्न ऑफ वामन’ झाली. शीर्षकाचा अर्थ उलटला, आणि नावाचा तो दरारा परभाषिक वाचकापर्यंत कितपत पोचला असेल, याची शंकाच आहे.

मानवी पात्रांबाबत मात्र आक्षेप बराचसा खरा आहे, हे मान्य करायला हवे. नारळीकरांचे शास्त्रज्ञ पुष्कळदा एकाच आवाजात बोलतात. त्यांना एलियट लाभला नाही.

त्या मालिकेचा सहावा भाग तेवढा आज पाहता येतो. बाकीच्यांचे तुकडेच उरले आहेत. पुढच्या वर्षीच्या ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’मध्ये अँड्रोमेडा झाली ती सुसान हॅम्पशायर. चेहरा बदलला. वामनाला ती अडचण नव्हती.