आजीबाईंना लिहिलेली पत्रे

पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधली पत्रे वाचताना मी पहिल्यांदा थबकलो तो मायन्यापाशी. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई इंग्रजी पत्रातही ‘आजीबाई’ म्हणतात. मायना इतका घरगुती, आणि त्याखालचा मजकूर मात्र एखाद्या शास्त्रार्थासारखा, मुद्दा सोडायचा नाही असा. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने काढला. स्त्रीमुक्तीच्या अभ्यासकांनी तो पुष्कळ वापरला आहे, आणि ते योग्यच आहे. मला त्यात दुसरी एक गोष्ट शोधायची होती. ख्रिस्ती माणसाच्या अंगी जी नम्रता असावी असे सगळे सांगतात, ती या दोघींच्या मते नेमकी कोणती?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळाच्या हालात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई वैद्यकी शिकायला इंग्लंडला आली आणि ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेतही सोडून बसली. अशा स्थितीतली परदेशी, विधवा, आश्रित बाई नव्या धर्मात आल्यावर पडेल ते मान खाली घालून ऐकेल, असे मठातल्या मंडळींना वाटले असेल, तर त्यांना फार दोष देता येणार नाही.

पण बाई ऐकेनात. अथनेशियन मतांगीकार त्यांच्या गळी उतरेना, त्रैक्याबद्दल त्यांना शंका होत्या. सिस्टरांच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. मांसाहार त्या करीत नसत, तर त्यात जेराल्डिनना जुन्या जातीचा वास येई. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात रमाबाई संस्कृत शिकवीत होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. का, तर परत गेल्यावर स्वदेशात बाईंचे वजन राहणार नाही. यावर रमाबाईंचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी वा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, मग इंग्रजांनाच ती का सुचावी, असा त्याचा मथितार्थ.

जेराल्डिन यांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते : गर्व, हट्ट, आज्ञाधारकपणाचा अभाव. त्यांच्या दृष्टीने मंडळीच्या अधिकारापुढे वाकणे आणि देवापुढे वाकणे यांत अंतर नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या अँग्लिकन मठात व्रतस्थ राहिलेल्या बाईला ते दिसणार तरी कसे? रमाबाईंना मात्र ते अंतर स्पष्ट दिसत होते. मे १८८५ मधल्या पत्रात त्या कळवतात की आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत खऱ्या, पण धर्मगुरूंच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द परमेश्वराची आज्ञा मानायला बांधील नाही. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले, ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना हे थोडेफार उमगले होते. या विद्यार्थिनीला लहान मुलासारखे वागवून चालणार नाही, तिला विचार करूनच विश्वासापर्यंत येऊ दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला निघाल्या. तेही जेराल्डिनना रुचले नाही.

इथेच थांबलो असतो तर रमाबाई एक बाणेदार बंडखोर म्हणून हाती लागल्या असत्या, आणि तेवढ्यावर बहुतेक चरित्रपर लेख थांबतात. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या स्वतःबद्दल जे सांगतात, ते जेराल्डिनही सांगू धजल्या नसत्या. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांचे म्हणणे आहे. बुद्धीने पटलेल्या गोष्टींवर आपली भिस्त होती, हे त्या आडपडदा न ठेवता मांडतात. बिशपापुढे न वाकलेली बाई इथे वाकते, पण कुणी वाकवले म्हणून नव्हे.

या बदलाचा पुरावा मला साक्षीतल्या शब्दांपेक्षा केडगावच्या जमिनीत दिसतो. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १८८७ साली दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर शारदा सदन चालावे कसे, म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. हिशेब चोख होता. त्याच सुमारास त्या ब्रिस्टलच्या जॉर्ज मुलर यांचा वृत्तान्त वाचत होत्या. माणसांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुले सांभाळणारा हा माणूस. आणि १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार काय असते हे रमाबाईंना पुस्तकातून कळायचे नव्हते. त्यांनी आईवडील त्यातच गमावले होते. त्या तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पैसे नव्हते, जागा नव्हती. बागेचा हिशेब बाजूला राहिला आणि त्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. विसावे शतक उजाडले तेव्हा तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. विहिरी मात्र त्यांनी खणून घेतल्या, छापखाना घातला, विणकाम, शेती सुरू केली. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतलेला दिसत नाही.

जून १९०५ मध्ये मुक्तीत जे संजीवन झाले, त्या वेळी मुली मोठमोठ्याने रडत, एकाच वेळी प्रार्थना करीत. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंसारख्या शास्त्राभ्यासी बाईला तो तसाच वाटायला हरकत नव्हती. त्यांनी त्याला अडवले नाही, आणि त्याचे श्रेयही स्वतःकडे घेतले नाही. हिंदी बायकांनी आपल्या रीतीने प्रार्थना करावी, एवढेच त्यांनी ठामपणे मांडले. वीस वर्षांपूर्वी क्रुसावर संस्कृत मागणारी हीच बाई.

मग बायबलचे भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होती त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द मुद्दाम टाळले, कारण हे पुस्तक मुक्तीतल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांसाठी होते. माझे प्रामाणिक मत असे की मुळाला फार चिकटून राहिल्यामुळे ते पुष्कळ ठिकाणी अवघडच झाले आहे, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत ते सार्वत्रिक झाले नाही. पण खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या मुक्तीच्याच मुली होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईनंतर काम त्यांच्याकडे जायचे होते. त्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि पूर्ण बायबल बाहेर पडले ते १९२४ साली.

राहता राहिल्या जेराल्डिन. ज्या पत्रांत त्यांना सडेतोड उत्तरे मिळाली होती, ती त्यांनी फाडली नाहीत. आपल्या हट्टी शिष्येची आणि स्वतःचीही पत्रे गोळा करून, त्यांच्या नकला करून त्यांनीच ती जपून ठेवली. माझ्या टेबलावरचे पुस्तक त्या संग्रहातूनच आले आहे.