मतदारयाद्यांतील निनांवी स्त्रिया

जुन्या मराठी कागदांत स्त्रीच्या नांवापुढें ‘कोम’ घालून पतीचें नांव लिहीत, हें संग्राहकांस विदितच आहे. परंतु तेथें तिचें स्वतःचें नांव आधीं येई. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयाद्यांत अनेक ठिकाणीं तेंही नव्हतें.

इ. स. १९१७ त सरोजिनी नायडू प्रभृतींनीं मद्रासेस भारतमंत्री माँटेग्यू यांजकडे स्त्रियांसाठीं मताधिकार मागितला. १९२१ त मद्रास व मुंबई इलाख्यांनीं तो दिला. पण मालमत्तेच्या अटीमुळें तो थोड्या स्त्रियांसच लाभला. १९३५ च्या कायद्यानें कित्येकींस मत मिळालें, तें पतीच्या मालमत्तेच्या आधारें. १९५० त राज्यघटनेनें २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकास मत दिलें. तथापि याद्या करतांना बिहार, राजस्थान आदि प्रांतांतील असंख्य स्त्रियांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच झाली. मुख्य निर्वाचन आयुक्त सुकुमार सेन यांनीं स्वतःच्या नांवाचा आग्रह धरला. अखेर सुमारें ८ कोटी स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ २८ लक्ष नोंदी गाळाव्या लागल्या, व १९५१-५२ च्या निवडणुकीस त्या स्त्रिया मुकल्या.

निर्णय कठोर खरा. परंतु निनांवी नोंद मान्य केली असती, तर मत पुनः पतीच्याच नांवावर राहिलें असतें. यास्तव जुना कागद हातीं येतांच ‘कोम’च्या अलीकडे काय लिहिलें आहे, तें प्रथम वाचावें.